आमच्या गाडीचा विमा आणि अप्रमादाचा धडा

(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासाच्या काळात दर रविवारी या विहारात ग्रंथवाचन होते आणि त्यानंतर कोणीतरी एका विषयावर बोलते. आजवर शील, दान, मैत्री, व्यसनमुक्ती, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर जाणकारांनी मार्गदर्शन केले. आज आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना हसू येईल. मोटारीच्या विम्याचा आणि धम्माचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आपल्या मंडळावर २०१७ साली जो प्रसंग ओढवला, त्याची पुरती माहिती फार थोड्यांना आहे. उलटसुलट बोलले मात्र पुष्कळ गेले. तेव्हा जे घडले ते जसेच्या तसे, आमच्या चुकांसह, आपल्यापुढे ठेवावे, असे कार्यकारिणीने ठरविले. आम्ही बोलतो आहोत ते कार्यकारिणीच्या वतीने. चूक एकाची नव्हती, आम्हा सर्वांची होती. म्हणून 'आम्ही' हाच शब्द योग्य आहे.

आपल्या मंडळाने २०१४ साली वर्गणी काढून एक जुनी मारुती ओम्नी विकत घेतली. वस्तीतल्या रुग्णांना दवाखान्यात नेणे, डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा शीव रुग्णालयात पोहोचविणे, बाळंतिणीला घरी आणणे ही कामे ती गाडी करी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या वृद्धांसाठी पाण्याची पिंपे आणि बिस्किटांचे पुडेही तिच्यातूनच जात. आपण कोणाकडून भाडे घेत नाही. गाडी चालविणारे आपले दोन कार्यकर्ते आपापली नोकरी सांभाळून पाळीपाळीने हे काम करतात.

गाडीचा विमा दरवर्षी ऑगस्टमध्ये संपायचा. त्याचे सर्व काम एक एजंट पाहत असे. तो विहारात येई, चेक घेऊन जाई आणि आठ दिवसांत पॉलिसीचा कागद आणून देई. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही गाडीच्या कप्प्यात ठेवीत असू. २०१७ च्या ऑगस्टमध्येही असेच झाले. चेक दिला, कागद आला, कागद कप्प्यात गेला. आमचे काम संपले, असे आम्ही समजलो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी डायलिसिसच्या आजोबांना घेण्यासाठी गाडी बाजारातल्या गल्लीत मागे घेतली जात होती. मागे कांदे-बटाट्याची हातगाडी होती. गाडीचा धक्का बसून हातगाडी उलटली आणि ती धरून उभे असलेले भाऊ खाली पडले. त्यांच्या डाव्या पायाची नडगी मोडली. गाडीचा मागचा दरवाजा चेपला, दिवा फुटला, तेवढेच. चालविणाऱ्या कार्यकर्त्याने पळ काढला नाही. त्याने त्याच गाडीत भाऊंना घालून पालिकेच्या रुग्णालयात नेले आणि तिथून सरळ पोलीस चौकी गाठली. जखमीला उपचार मिळवून देणे, पोलिसांना कळविणे आणि विमा कंपनीला कळविणे ही तिन्ही कर्तव्ये मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ मध्ये चालकावर घातलेली आहेत. पहिली दोन त्याने तासाभरात पार पाडली. तिसऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कंपनीच्या शाखेत गेलो.

तिथल्या बाईंनी पॉलिसीचा नंबर संगणकात घातला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा आमच्या कागदाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "ही पॉलिसी रद्द आहे. ऑगस्टमध्येच."

आम्हाला वाटले, नंबर चुकला असेल. आम्ही पुन्हा सांगितला. तोच नंबर, तीच गाडी, तेच मंडळाचे नाव. आमच्या हातात शिक्का-सहीचा कागद होता, त्यावर पुढच्या ऑगस्टपर्यंतची तारीख होती आणि समोरचा संगणक सांगत होता की तो कागद चार महिन्यांपूर्वीच मेला आहे. बंधूंनो, त्या चार महिन्यांत ती गाडी शीवला किती वेळा गेली असेल, तिच्यात किती म्हातारी माणसे बसली असतील, याचा हिशेब आम्ही परतीच्या वाटेवर मनातल्या मनात करीत होतो. कोणी कोणाशी बोलत नव्हते.

आता हे कसे झाले ते सांगतो. त्या जुलैच्या वार्षिक सभेत आपण नवे खजिनदार निवडले. सह्या बदलण्याचा ठराव बँकेला दिला. पण बँकेच्या दप्तरी नवी सही चढायला वेळ लागला. मधल्या काळात नव्या खजिनदारांच्या सहीचा विम्याचा चेक गेला आणि 'सही जुळत नाही' म्हणून परत आला. पैसे खात्यात होते, पण सही चालली नाही. हप्ता न मिळाल्यामुळे कंपनीने पॉलिसी रद्द केली.

मग आम्हाला का कळले नाही? कंपनी म्हणे, आम्ही पत्र पाठविले. पत्त्याची चौकशी केली, तेव्हा कळले की पॉलिसीवर आपल्या जुन्या कार्यालयाचा पत्ता होता. ती खोली तर रस्तारुंदीत दोन वर्षांपूर्वीच पाडली गेली. कंपनी म्हणे, मोबाईलवर संदेशही पाठविला. नंबर पाहिला तर तो एजंटाचा. अर्ज भरताना त्याने आमच्या नंबराच्या जागी स्वतःचा नंबर टाकला होता. अर्ज कोरा असतानाच आम्ही त्यावर सही केली होती. एजंटाला गाठले. तो म्हणाला, "साहेब, मी त्या महिन्यात ती कंपनी सोडली. मेसेज आला असेल, माझं लक्ष गेलं नाही."

आणि आम्ही? चार महिने आम्ही पासबुक भरून आणले नव्हते. भरले असते, तर हप्त्याची रक्कम खात्यातून वजा झालेली नाही, हे शाळकरी पोरालाही दिसले असते. पॉलिसीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते की चेक वटला तरच ही पॉलिसी ग्राह्य. ती ओळ आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. कंपनी चुकली, एजंट चुकला, बँकेने उशीर केला, हे सर्व खरे. पण स्वतःला विचारले तर उत्तर एकच येत होते. आम्ही गाफील राहिलो.

त्या रात्री याच विहारात कार्यकारिणीची बैठक झाली. ती आम्ही विसरू शकत नाही. नवे खजिनदार राजीनामा लिहूनच आले होते. गाडी चालविणारा कार्यकर्ता कोपऱ्यात बसून होता, त्याच्या घरी दोन लहान मुले. विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविणे हा गुन्हा आहे. कलम १९६ खाली त्यावेळी हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजार आणि पुन्हा केल्यास चार हजार झाला आहे. पण खरी भीती दंडाची नव्हती. भाऊंचा पाय कायमचा अधू झाला, तर नुकसानभरपाईचा आकडा मंडळाच्या ताकदीबाहेर जाणार होता. विहाराच्या वरच्या मजल्यासाठी, अभ्यासिकेसाठी साठविलेली रक्कम त्यात जाणार, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे होते.

अशा वेळी माणसाला वाटा सुचू लागतात. एजंटाने सुचविले की आजच्या तारखेची नवी पॉलिसी काढून देतो, पोलिसांकडे अपघाताची तारीख दोन दिवस पुढची करून घेऊ. एका हितचिंतकाने सांगितले की हातगाडीवाला गरीब आहे, दहा हजार हातावर ठेवा आणि "मी स्वतःच घसरून पडलो" असे लिहून घ्या. हे दोन्ही मार्ग सोपे होते आणि असे मार्ग काढणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. आम्ही खोटे बोलणार नाही, पण क्षणभर आमच्यातल्या काहींना मोह पडला होता.

तेव्हा महिला मंडळाच्या एक वयोवृद्ध आई, ज्या बैठकीला चहा घेऊन आल्या होत्या, किटली खाली ठेवून म्हणाल्या, "दर रविवारी पंचशील म्हणता ना रे तुम्ही? त्यातलं चौथं शील रविवारपुरतंच आहे का?"

चौथे शील म्हणजे खोटे बोलण्यापासून दूर राहणे. आईंचे एवढेच वाक्य. त्यानंतर बैठकीत तो विषय पुन्हा निघाला नाही. तीन ठराव झाले. एक, जे खरे आहे तेच सर्वांना सांगायचे, पोलिसांना, कंपनीला आणि जखमी भाऊंनाही. दोन, भाऊंच्या उपचाराचा खर्च आज मंडळ करील, पुढचे पुढे पाहू. तीन, खजिनदारांचा राजीनामा घ्यायचा नाही. सही त्यांची होती, पण पासबुक न पाहण्याची चूक आम्हा अकरा जणांची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो आणि भाऊंना सांगितले की गाडीचा विमा रद्द झालेला आहे, आम्हालाही कालच कळले. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले. ते जालना जिल्ह्यातून पोटासाठी आलेले, फारसे शिकलेले नाहीत. ते म्हणाले, "दादा, तुमचा कागद रद्द झाला ते तुम्हाला नाही कळलं, तर रस्त्यावर उभ्या माणसाला कसं कळणार? मी काय प्रत्येक गाडीचा कागद बघून उभं राहायचं का?"

बंधू-भगिनींनो, पुढे वकिलांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला, तेव्हा लक्षात आले की सर्वोच्च न्यायालय जे म्हणते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तो कायदा थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांकडे आता दुचाकी आहे, रिक्षा आहे, टेम्पो आहे.

विमा कायदा, १९३८ चे कलम ६४ व्हीबी सांगते की हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. याच कलमात असेही आहे की एजंटाने गोळा केलेला हप्ता, बँकेच्या आणि टपालाच्या सुट्ट्या वगळून, चोवीस तासांच्या आत कंपनीकडे भरला किंवा पाठविला पाहिजे. आणि हप्त्याचा परतावा द्यायचा झाला तर तो सरळ विमेदाराला द्यायचा, एजंटाच्या खात्यात जमा करायचा नाही. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ म्हणते की त्रयस्थ व्यक्तीच्या, म्हणजे ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो त्याच्या, नुकसानीचा विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पहिला कायदा कंपनीचे रक्षण करतो, दुसरा रस्त्यावरच्या माणसाचे. चेक परत आला की या दोघांची टक्कर होते.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंद्रजित कौर प्रकरणात निर्णय दिला. एका बसचा विमा, हप्त्याचा चेक न वटलेला, आणि मधल्या काळात अपघात. न्यायालयाने सांगितले की कंपनीने पॉलिसी देऊन टाकली आहे, तेव्हा त्रयस्थाला भरपाई देणे तिला चुकत नाही. २००१ च्या सीमा मल्होत्रा प्रकरणात मात्र प्रश्न गाडीमालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा होता. तिथे न्यायालय म्हणाले की चेक वटलाच नाही, तर कंपनीने मालकाला भरपाई का द्यावी? हा करार आहे, एका बाजूने पाळला नाही तर दुसरी बाजू बांधलेली नाही. २००७ च्या देद्दप्पा प्रकरणात कंपनीने अपघाताच्या आधीच पॉलिसी रद्द करून मालकाला तसे कळविले होते. तिथे कंपनीची जबाबदारी नाही असे ठरले. तरीही न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात कंपनीला आधी भरपाई देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगितले.

आणि २०१२ च्या लक्ष्मम्मा प्रकरणात हे सर्व धागे एकत्र आले. तिथे अपघात ११ मे २००४ चा होता आणि रद्द केल्याचे पत्र १३ मे २००४ चे. न्यायालयाने स्पष्ट केले की पॉलिसी रद्द करून ती रद्द झाल्याची सूचना अपघातापूर्वी मालकाला पोहोचली असेल, तरच कंपनी त्रयस्थाची जबाबदारी टाळू शकते. मात्र भरपाई दिल्यावर मालकाविरुद्ध उपाय करायला कंपनी मोकळी असते.

आमच्या प्रकरणात सगळा प्रश्न या 'सूचना पोहोचली का' यावर येऊन थांबला. आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहिले. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. चारच गोष्टी विचारल्या. चेक कोणत्या तारखेला परत आला, पॉलिसी कोणत्या तारखेला रद्द केली, आम्हाला कोणत्या तारखेला व कोणत्या मार्गाने कळविले, आणि त्याचा पुरावा काय. उत्तरात पत्राची प्रत आली, पण टपालाची पावती आली नाही. जावक क्रमांकही नव्हता.

भाऊंनी ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला. त्यांनी आमच्यावर दावा लावावा, असे आम्हीच त्यांना सांगितले. वकीलही शोधून दिला, हे ऐकून काहींनी आम्हाला वेड्यात काढले. पण तसे केल्याशिवाय कंपनीकडून त्यांना काही मिळणे शक्य नव्हते. कंपनीने आपल्या उत्तरात पॉलिसी रद्द असल्याचे म्हटले. सूचना दिल्याचा पुरावा मात्र तिथेही देता आला नाही. शेवटी २०१९ मध्ये लोक अदालतीत तडजोड झाली. भाऊंची भरपाई कंपनीने दिली, आमच्याकडून वसूल करण्याचा आग्रह सोडला आणि रुग्णालयात आम्ही केलेला खर्च हा आमचा वाटा मानला गेला. गाडीच्या दरवाजाचे व दिव्याचे पैसे आम्ही मागितलेच नाहीत. कायद्याने ते आमचे नव्हते.

पण न्यायालयाचे काम होईपर्यंत दीड वर्ष गेले. भाऊंचा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. निकालपत्राने घरातली चूल पेटत नाही. या काळात आपल्या युवक मंडळाच्या मुलांनी पहाटे भाऊंची हातगाडी बाजारात लावून दिली, त्यांच्या पत्नीने धंदा चालविला आणि महिला मंडळाने दरमहा किराणा पोहोचविला. कागदोपत्री ही मदत कुठे नोंदलेली नाही, पण आमच्या मते मंडळाने त्या वर्षी केलेले सर्वांत चांगले काम हेच. अभ्यासिकेला एक वर्ष उशीर झाला. तो झाला, याचे दुःख नाही.

आता यातून शिकण्यासारखे जे आहे, ते सांगतो. ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी लक्ष देऊन ऐकावे.

पहिली गोष्ट. पॉलिसीचा कागद हातात आला म्हणजे विमा झाला, असे समजू नका. हप्ता तुमच्या खात्यातून वजा झाला का, ते पाहा. आता बरेच जण मोबाईलवरून पैसे भरतात, तिथेही हेच लागू आहे. पैसे गेले आणि पॉलिसी आलीच नाही, किंवा पॉलिसी आली आणि पैसे परत फिरले, असे दोन्ही प्रकार होतात. पंधरा दिवसांनी कंपनीच्या शाखेत किंवा कंपनीच्या स्वतःच्या दूरध्वनीवर पॉलिसीचा नंबर सांगून ती चालू आहे का, हे विचारा. एजंटाला नव्हे, कंपनीला विचारा. नकली पॉलिसी देणारे भामटेही बाजारात आहेत, त्यांच्यापासूनही हीच खबरदारी वाचविते.

दुसरी गोष्ट. कोऱ्या अर्जावर सही करू नका. अर्जात पत्ता तुमचा आणि मोबाईल नंबर तुमचाच घाला. घर बदलले तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. मागच्या वर्षी भरपाई घेतली असेल तर ती लपवून नो क्लेम बोनसची सवलत घेऊ नका. तेही खोटे बोलणेच आहे आणि ऐनवेळी ते अंगाशी येते.

तिसरी गोष्ट. कंपनीला मनात आले म्हणून पॉलिसी रद्द करता येत नाही. मोटार पॉलिसीच्या छापील अटींतच पूर्वीपासून सात दिवसांची सूचना शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने देण्याची अट होती. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे सामान्य ग्राहकाची पॉलिसी कंपनीला फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून, किमान सात दिवसांची सूचना देऊनच रद्द करता येते. हप्ताच न मिळणे ही गोष्ट निराळी, तिथे विमा मुळातच उभा राहत नाही. म्हणून पॉलिसी रद्द झाल्याचे कळले तर पहिला प्रश्न विचारा, कारण काय आणि सूचना कुठे. हे लेखी विचारा, पोच ठेवा.

चौथी गोष्ट. पॉलिसी रद्द आहे हे कळल्या क्षणापासून गाडी जागची हलवू नका. "आजचा दिवस चालवतो, उद्या विमा काढतो" असे म्हणू नका. आणि जुना विमा संपून नव्वद दिवस उलटले तर वर्षानुवर्षे साठलेली नो क्लेम बोनसची सवलतही जाते, हे लक्षात ठेवा.

पाचवी गोष्ट. दाद मागण्याच्या जागा माहीत असू द्या. आधी कंपनीचा तक्रार अधिकारी. तिथे न भागल्यास विमा प्राधिकरणाचे 'बीमा भरोसा' तक्रार केंद्र आहे, त्याचा दूरध्वनी १५५२५५. व्यक्तिगत विमेदारासाठी विमा लोकपाल आहेत, त्यांची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत, तिथे वकील लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मात्र अपघातात जखमी झालेल्याची भरपाई ही मोटार अपघात न्यायाधिकरणातच मागावी लागते.

सहावी गोष्ट आपल्यासारख्या संस्थांसाठी. आपण गाडीत रुग्ण बसवितो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात खासगी मोटारीत विनामूल्य बसलेल्या माणसाला सहसा संरक्षण मिळत नाही, संपूर्ण म्हणजे पॅकेज पॉलिसीत ते मिळते. चार पैसे वाचविण्यासाठी आपण आपल्याच आजारी माणसांना उघड्यावर बसवीत नाही ना, हे पाहिले पाहिजे. आपल्या मंडळाने तेव्हापासून पॅकेज पॉलिसीच घेतली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पासबुक भरून कार्यकारिणीपुढे ठेवले जाते आणि पदाधिकारी बदलले की सह्यांचा ठराव बँकेत चढल्याची लेखी पोच मिळेपर्यंत जुन्या सह्या चालू ठेवल्या जातात.

शेवटी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येतो. विम्याचा आणि धम्माचा संबंध काय?

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. तो भगवंतांना म्हणतो की आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे वापरणारी माणसे आहोत. आम्हाला झेपेल असा उपदेश करा. तथागतांनी त्याला संसार सोड असे सांगितले नाही. त्यांनी गृहस्थाच्या इहलोकीच्या सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने व कौशल्याने मिळविणे ही उट्ठानसंपदा, मिळविलेले जपणे ही आरक्खसंपदा, सज्जनांची संगत म्हणजे कल्याणमित्तता आणि मिळकतीच्या मानाने समतोल राहणी म्हणजे समजीविता. यातली दुसरी, आरक्खसंपदा, म्हणजे घामाने मिळविलेले राजाने नेऊ नये, चोराने लुटू नये, आगीत जळू नये, पुरात वाहू नये याची काळजी. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट विम्याच्या दाराशी येऊन पोहोचते. आणि धम्मपदाच्या दुसऱ्या वर्गाचे नाव अप्पमादवग्ग आहे, हेही आपण जाणता. अप्रमाद म्हणजे जागे राहणे. ध्यानाला बसल्यावर जागे राहायचे आणि उठल्यावर पासबुक न पाहता झोपायचे, याला अप्रमाद म्हणत नाहीत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विम्याचा विचार किती खोलवर केला होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेची आखणी झाली आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा हा राज्याच्या मक्तेदारीचा व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा काढणे सक्तीचे असावे, असे मांडले. १९५६ च्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण मात्र १९७२ च्या कायद्याने झाले. गरिबाला संकटात कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागू नये, त्याला हक्काने मिळावे, हा त्यामागचा विचार आहे. हातगाडीवाल्या भाऊंना जे मिळाले ते हक्काने मिळाले. आम्ही दहा हजार हातावर ठेवले असते, तर ती भीक ठरली असती, आणि तीही खोट्या कागदावर घेतलेली.

ते भाऊ अजून त्याच गल्लीत उभे असतात. थोडे लंगडतात. आपली गाडी आली की हातगाडी बाजूला घेतात आणि हसून विचारतात, "काय दादा, कागद चालू आहे ना?" आम्ही हो म्हणतो. आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा खात्री करून घेतो.

 आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या वाहनाचा कागद एकदा काढून, तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!